डॉक्टरांनी तपासण्या लिहून दिल्यात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॅथॉलॉजी लॅबमध्ये बरीच वर्षं गेली. एका हाताला रक्त घ्यायची खुर्ची, दुसऱ्या हाताला मायक्रोस्कोप. या दोन्हींच्या मधल्या जागेत जे प्रश्न रोज कानावर पडतात तेच इथे घेतले आहेत. एक्स-रे, सीटी, एमआरआयचे प्रश्न रेडिओलॉजीतल्या सहकाऱ्यांनी पुरवले.

तपासणी करण्याआधी डॉक्टरांना काय विचारू?

एकच प्रश्न पुरतो: "या रिपोर्टवरून तुम्ही काय ठरवणार?"

"हिमोग्लोबिन कमी आहे, ते लोह कमी पडल्यामुळे की दुसऱ्या कशामुळे ते बघू, औषध त्यावर ठरेल" असं उत्तर आलं तर तपासणी कामाची आहे. "सहज बघून ठेवू" असं आलं, तर आणखी दोन प्रश्न विचारायला हरकत नाही. आणि जे कारण कळेल ते लॅबच्या फॉर्मवर लिहा. फॉर्मवर तो रकाना असतो आणि बहुतेक वेळा कोराच येतो. स्लाइड बघणाऱ्याला "तीन आठवडे ताप" एवढे तीन शब्द मिळाले तरी तो वेगळ्या नजरेने बघतो.

उपाशीपोटी म्हणजे किती तास? पाणी चालतं का?

साधारण ८ ते १२ तास. साधं पाणी चालतं, नुसतं चालतं नाही तर प्याच. शरीरात पाणी कमी असलं की शिरा आत दडून बसतात आणि मग दोन-तीनदा टोचावं लागतं. चहा-कॉफी बिनसाखरेचीही नको. सिगारेट नको. काही जण १६-१८ तास उपाशी राहून येतात, "रिपोर्ट चांगला यावा म्हणून". तसं होत नाही. उलट आकडे नेहमीपेक्षा वेगळे यायची शक्यता वाढते.

उपाशी राहावं लागतं ते मुख्यतः साखर आणि ट्रायग्लिसराइड या रक्तातल्या चरबीसाठी. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज), टीएसएच (थायरॉईड), क्रिएटिनिन (किडनी) यांना पोट रिकामं असण्याची गरज नाही. एकूण कोलेस्टेरॉल आणि एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, जेवणाने फारसे हलत नाहीत.

रोजच्या गोळ्या घेऊन येऊ का?

रक्तदाबाची गोळी सहसा पाण्याबरोबर घेऊन यायची असते. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन उपाशीपोटी घेऊन घराबाहेर पडलात तर साखर उतरून रांगेतच घाम फुटेल. त्यामुळे तिचं काय करायचं हे डॉक्टरांना आदल्या दिवशीच विचारा. थायरॉईडची गोळी रक्त दिल्यानंतर घेतलेली बरी.

एक गोष्ट लोक औषधांत धरतच नाहीत: केस-नखांसाठी घेतलेलं बायोटिन. त्याचा मोठा डोस चालू असेल तर काही यंत्रांवर थायरॉईडचे आकडे चक्क उलटे येतात आणि हृदयविकाराच्या झटक्यात बघितलं जाणारं ट्रोपोनिन खोटं कमी दिसू शकतं. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. रक्त देण्याआधी निदान दोन दिवस ते बंद ठेवा. नाहीतर घेतोय एवढं तरी सांगा.

इतक्या नळ्या कशाला? एका नळीत भागत नाही का?

नाही, कारण प्रत्येक नळीच्या तळाशी वेगळं रसायन असतं. झाकणाचा रंग त्यासाठीच. जांभळ्या झाकणाच्या नळीतलं ईडीटीए रक्ताला गोठू देत नाही, म्हणून सीबीसी आणि एचबीए१सी तिच्यात. करड्या झाकणाच्या नळीत फ्लोराइड असतं. रक्तपेशी शरीराबाहेर काढल्या तरी जिवंत असतात आणि साखर खातच राहतात. साध्या नळीत रक्त तसंच पडून राहिलं तर साखरेचा आकडा तासाला साधारण ५ ते ७ टक्क्यांनी घसरतो. फ्लोराइड ते खाणं थांबवतं. निळ्या झाकणाची नळी गोठण्याच्या तपासण्यांची, ती खुणेपर्यंत भरलीच पाहिजे. लाल किंवा पिवळ्या नळीत रक्त मुद्दाम गोठू देतात आणि वर सुटलेल्या पिवळसर पाण्यावर, म्हणजे सीरमवर, किडनी, लिव्हर, थायरॉईडच्या तपासण्या होतात.

नळ्या भरण्याचा क्रमही ठरलेला असतो. जांभळ्या नळीतलं ईडीटीए हे पोटॅशियमचं क्षार असतं. त्याचा अंश पिवळ्या नळीत गेला तर ठणठणीत माणसाचं पोटॅशियम भीतीदायक दिसतं.

रक्त म्हणाल तर चार नळ्या मिळून १०-१५ मिलिलिटर, दोन-तीन छोटे चमचे. मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर असतं.

रक्त दिल्यावर हात काळानिळा का पडतो?

बहुतेक वेळा कोपर दुमडल्यामुळे. कापूस ठेवून कोपर घट्ट मिटायचं, ही सवय सगळ्यांना कुठून लागली कोण जाणे. दुमडलेल्या हातात छिद्रावर नीट दाब बसत नाही आणि रक्त कातडीखाली झिरपतं. हात सरळ ठेवा, दुसऱ्या हाताच्या बोटांनी तीन ते पाच मिनिटं दाबून धरा, दर अर्ध्या मिनिटाला उचलून बघू नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर त्याहून जास्त वेळ.

सुई बघून चक्कर येते? आधीच सांगा, आडवं झोपवून रक्त घेऊ. यात लाजण्यासारखं काही नाही. धिप्पाड माणसं पडताना मी जास्त पाहिली आहेत. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्या असतील तर ती बाजूही सांगा, दुसऱ्या हाताचं रक्त घेऊ.

रिपोर्टमध्ये काही आकडे ठळक छापलेत. म्हणजे मला काहीतरी झालंय?

इथे जरा सविस्तर सांगतो, कारण रात्रीची झोप सगळ्यात जास्त या ठळक अक्षरांनीच उडते.

आकड्याशेजारी छापलेली मर्यादा येते कुठून? पुष्कळ निरोगी माणसांची तपासणी करायची, आकडे लहान-मोठे लावायचे आणि मधले ९५ टक्के घ्यायचे. दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के बाहेर राहतात. ती माणसंही निरोगीच असतात. म्हणजे कोणत्याही एका तपासणीत वीसातला एक निरोगी माणूस मर्यादेबाहेर पडणार हे आधीच ठरलेलं. आता एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या एकदम केल्या तर सगळ्याच मर्यादेत येण्याची शक्यता उरते जेमतेम ३६ टक्के. उरलेल्या ६४ टक्के निरोगी माणसांच्या कागदावर किमान एक आकडा ठळक छापला जाणार.

म्हणून आकडा बाहेर आहे का यापेक्षा किती बाहेर आहे, कुठल्या दिशेला आहे आणि त्याच्या सोबतीला आणखी काय आहे हे बघायचं. हिमोग्लोबिनची खालची मर्यादा १२ असताना ११.८ येणं वेगळं आणि ७ येणं वेगळं. कॉम्प्युटर दोन्ही सारखेच ठळक छापतो.

मशीन चुकू शकतं का?

मशीन सहसा चुकत नाही, फसतं.

एकदा एका बाईंचा सीबीसी आला, प्लेटलेट ४२,०००. कमीत कमी दीड लाख हव्यात. घरचे पार घाबरलेले, ॲडमिट व्हायच्या तयारीत. अंगावर मात्र एकही लाल ठिपका नाही, हिरड्यांतून रक्त नाही. रक्ताचा थेंब काचेवर ओढला, रंगवला आणि मायक्रोस्कोपखाली धरला. काचेच्या कडेला प्लेटलेट घोळक्याने चिकटून बसलेल्या, वीस-वीस, तीस-तीसचे पुंजके. काही लोकांच्या प्लेटलेट ईडीटीएच्या संपर्कात आल्या की एकमेकींना चिकटतात. फक्त नळीत, शरीरात नाही. मशीन एकेक सुटी प्लेटलेट मोजतं, पुंजका त्याच्या हिशेबात धरला जात नाही. सायट्रेटच्या निळ्या नळीत पुन्हा रक्त घेतलं, आकडा दोन लाखांच्या वर. बाई घरी गेल्या.

पोटॅशियमचंही असंच. मूठ जोरजोरात उघडझाप केली, दंडावरचा पट्टा फार वेळ आवळून ठेवला किंवा नळी जोरात हलवून लाल पेशी फुटल्या, की पोटॅशियम खोटं वाढतं. त्यामुळे लॅबने "नमुना पुन्हा द्या" म्हटलं तर चिडू नका. पेशी फुटून गुलाबी झालेलं सीरम बघून आकडा तसाच छापणारी लॅब जास्त धोक्याची.

दोन लॅबचे रिपोर्ट वेगळे आले. खरा कुठला?

बहुधा दोन्ही. यंत्रं वेगळी, पद्धती वेगळ्या, शिवाय शरीरही सकाळ-संध्याकाळ सारखं नसतं. टीएसएच रात्री चढतो, दुपारी उतरतो. एखाद्या आकड्यावर वर्षानुवर्षं नजर ठेवायची असेल तर लॅब एकच आणि वेळही शक्यतो तीच ठेवा.

उपाशीपोटीची साखर चांगली आली, मग एचबीए१सी कसा वाढला?

कारण उपाशीपोटीची साखर हा त्या एका सकाळचा फोटो आहे. एचबीए१सी मात्र हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजतं. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगतात, म्हणून त्यात मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब सापडतो. तपासणीआधी चार दिवस पथ्य पाळून तो फारसा बदलत नाही, आणि हे अनेकांनी करून बघितलंय.

५.७ च्या खाली ठीक, ५.७ ते ६.४ ही मधुमेहाच्या उंबरठ्यावरची पायरी, ६.५ किंवा जास्त म्हणजे मधुमेह. त्रास काहीच नसेल तर दुसऱ्यांदा तपासून खात्री करतात. उपाशीपोटीच्या साखरेत हीच रेषा १२६ ला आहे. पण लाल पेशींचं आयुष्यच बदललेलं असेल तर एचबीए१सीवर विसंबता येत नाही. लोह कमी असलं तर तो उगाच वाढू शकतो. पेशी लवकर फुटत असतील किंवा नुकतंच रक्त चढवलं असेल तर उगाच कमी दिसू शकतो.

काही त्रास नाही, पण सगळ्या तपासण्या एकदाच करून टाकल्या तर? कॅन्सरचे मार्करही?

वयाप्रमाणे रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि ठरलेल्या स्क्रीनिंग तपासण्या जरूर करा. पण "सगळंच" याला माझा विरोध आहे, आणि तो गणितातून आलेला आहे.

समजा एक आजार हजारात दहा जणांना आहे. तपासणी चांगली आहे: आजारी शंभरातल्या ९० जणांना पकडते आणि निरोगी शंभरातल्या ९० जणांना बरोबर सोडते. हजार लोकांची केली. दहा आजाऱ्यांतले ९ सापडले. उरलेल्या ९९० निरोगी लोकांतले ९९ जण उगाच पॉझिटिव्ह आले. एकूण पॉझिटिव्ह १०८, खरे आजारी ९. म्हणजे पॉझिटिव्ह रिपोर्ट हातात असलेल्या दर बारा जणांतले अकरा निरोगी. त्यांच्या वाट्याला आता सीटी, बायोप्सी (तुकडा काढून तपासणं) आणि काळजी. लक्षणं असलेल्या माणसात तीच तपासणी केली तर हे गणित पार पालटतं.

ट्यूमर मार्करचं यापेक्षा वाईट. अंडाशयाच्या कॅन्सरचा मार्कर सीए-१२५ मासिक पाळीत आणि एंडोमेट्रिओसिसमध्येही (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढण्याचा आजार) वाढतो. प्रोस्टेटच्या कॅन्सरचा मार्कर पीएसए प्रोस्टेटच्या जंतुसंसर्गानेही वाढतो. निदान झालेल्या आजारावर उपचार लागू पडतोय का ते बघायला हे मार्कर उत्तम. निरोगी माणसाने कुतूहल म्हणून केले तर सुतावरून स्वर्ग गाठला जातो.

लघवीचा नमुना कसा द्यायचा?

जागा धुवा, पहिली धार सोडून द्या, मधली धार डबीत घ्या, शेवटची पुन्हा सोडा. डबीला आतून बोट लावू नका. दोन तासांच्या आत पोचवा, जमत नसेल तर फ्रीजमध्ये ठेवा. कल्चर, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून बघणं, करायचं असेल तर अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी नमुना द्या. गोळी पोटात गेल्यावर जंतू वाढायला कचरतात आणि "काही वाढलं नाही" असा फसवा रिपोर्ट येतो.

कल्चरला इतके दिवस का?

जंतू वाढायला वेळ लागतो, आपली घाई त्यांना कळत नाही. लघवीचा साधारण दोन ते तीन दिवस, टीबीचा काही आठवडे.

सोनोग्राफीला एकदा "उपाशी या" म्हणतात, एकदा "पाणी पिऊन या". का?

पित्ताशय बघायचं तर उपाशी, कारण खाल्लं की ते आकसतं आणि आतले खडे दिसेनासे होतात. गर्भाशय, अंडाशय, प्रोस्टेट बघायचं तर मूत्राशय भरलेलं हवं. आवाजाच्या लहरी पाण्यातून छान जातात, हवेतून जात नाहीत. भरलेलं मूत्राशय आतड्यातल्या हवेला बाजूला सारतं आणि खिडकीसारखं काम करतं. तो गार जेलही त्याचसाठी, कातडी आणि यंत्राच्या मधली हवा घालवायला. सोनोग्राफीत किरणोत्सर्ग अजिबात नसतो.

एक्स-रे आणि सीटी स्कॅनच्या किरणांची भीती वाटते.

८ नोव्हेंबर १८९५ ला रॉन्टजेन यांना एक्स-किरणांचा शोध लागला, तेव्हापासून ही भीती थोडी बरोबर, थोडी फुगवलेली चालत आली आहे. छातीच्या एका एक्स-रेचा डोस साधारण ०.१ मिलिसिव्हर्ट (किरणांचा डोस मोजायचं एकक). जमिनीतून, आकाशातून, हवेतून निसर्गतःच माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतो. म्हणजे एक एक्स-रे म्हणजे साधारण दोन आठवडे नुसतं जगणं. पोटाच्या सीटीचं तसं नाही. तो ८ ते १० च्या घरात, म्हणजे तीन-चार वर्षांचा निसर्गाचा वाटा एका झटक्यात. गरज असेल तर बेधडक करा. पण महिन्यापूर्वीच्या सीटीची सीडी कपाटात सापडत नाही म्हणून पुन्हा काढणं हा शुद्ध निष्काळजीपणा. गरोदर असाल किंवा तशी शंकासुद्धा असेल तर टेबलावर चढण्याआधी सांगा.

सीटीत शिरेतून आयोडीनचा डाय देतात तेव्हा अंगभर गरम लाट जाते, तोंडात धातूची चव येते आणि कपड्यात लघवी झाल्यासारखं वाटतं. झालेली नसते. मिनिटभरात जातं. आधी डायची ॲलर्जी झाली असेल, किडनीचा त्रास असेल किंवा मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर ते आधी सांगायचं.

एमआरआयमध्ये घुसमटायला होतं. आणि धातूचं एवढं काय?

एमआरआयमध्ये किरणोत्सर्ग नाही, चुंबक आहे. दीड टेस्लाचं (टेस्ला हे चुंबकाची ताकद मोजायचं एकक) यंत्र पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे ३०,००० पट ताकदीचं असतं आणि ते रात्रंदिवस चालूच असतं. "आता स्कॅन सुरू नाही, जरा आत जाऊन येतो" हे चालत नाही. ऑक्सिजनचं सिलिंडर त्यात तोफगोळ्यासारखं उडत जातं. पेसमेकर, कानातलं कॉक्लियर इम्प्लांट, मेंदूतली क्लिप, डोळ्यात कधी उडालेला लोखंडाचा कण, सगळं आधी सांगा. वेल्डिंग किंवा लेथवर काम केलेल्यांनी तर नक्कीच. टायटॅनियमचे सांधे आणि दातातलं फिलिंग सहसा चालतं, पण सांगायचं तेही.

घुसमटीसाठी एक युक्ती, सहकाऱ्याने शिकवलेली: आत सरकण्याआधीच डोळ्यांवर घडी केलेला रुमाल ठेवा आणि बाहेर येईपर्यंत काढू नका. छत नाकापासून किती जवळ आहे ते एकदा दिसलं की मग विसरता येत नाही. ठोकाठोकीचा आवाज प्रचंड असतो, कानात बोळे देतातच. हातात एक रबरी फुगा देतात, तो दाबला की थांबवतात.

ईसीजी नॉर्मल आहे, म्हणजे हृदय ठीक ना?

त्या दहा सेकंदांपुरतं, आणि तेही फक्त विजेच्या हिशेबाने. रक्तवाहिनी अरुंद असूनही आरामात झोपलेल्या माणसाचा ईसीजी सरळ येऊ शकतो. झटका सुरू होतानाचा पहिला ईसीजीही कधीकधी नॉर्मल असतो. म्हणूनच थोड्या थोड्या वेळाने पुन्हा काढतात आणि ट्रोपोनिन दोनदा बघतात. छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असेल तर मागच्या महिन्यातला नॉर्मल ईसीजी खिशात ठेवून घरी बसू नका.

कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी) फार त्रासदायक असते का?

तपासणी नव्हे, आदली रात्र. पोट साफ करणारं औषध पिऊन पिऊन जीव नकोसा होतो, पण तिथे चालढकल केली तर डॉक्टरांना घाणच दिसते आणि सगळं पुन्हा करावं लागतं. बाहेर पडणारं पाणी पिवळसर आणि आरपार दिसेल इतकं स्वच्छ हवं. लाल रंगाची पेयं टाळा, आत ती रक्तासारखी दिसतात. प्रत्यक्ष तपासणी अर्ध्या तासाच्या आसपास, बहुतेकांना झोपेचं औषध दिल्याने आठवतही नाही. त्या दिवशी गाडी चालवायची नाही, सोबत कोणीतरी हवं.

बायोप्सीने गाठ पसरते असं ऐकलंय.

हे फार ऐकतो, आणि या भीतीने महिने वाया घालवलेले लोक पाहिलेत. सुई लागल्याने कॅन्सर अंगभर पसरतो हा समज खोटा आहे. सुईच्या वाटेवर पेशी रुजणं काही मोजक्या प्रकारच्या गाठींत क्वचित घडतं. ते माहीत असल्यामुळेच कुठली गाठ कशी, कुठून टोचायची हे विचार करून ठरवतात. निदानाशिवाय घालवलेला काळ मात्र नक्की महागात पडतो.

रिपोर्टला दिवस लागतात कारण तुकडा आधी फॉर्मॅलिनमध्ये मुरावा लागतो, मग त्यातलं पाणी काढून मेणात बसवतात, मग तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काढतात. केस साधारण सत्तर मायक्रॉनचा असतो, त्यावरून अंदाज करा. मग जांभळा-गुलाबी रंग आणि मग डोळा. "विशेष रंग लावतोय, आणखी तीन दिवस" असा निरोप आला तर त्याचा अर्थ वाईट बातमी आहे असा नव्हे. नक्की नाव द्यायचं आहे, एवढाच.

रिपोर्ट आज मोबाइलवर आला, डॉक्टर चार दिवसांनी भेटणार. थांबू का?

जीवावर बेतणारा आकडा असेल तर लॅबमधून फोन येतो, तसा नियमच असतो. म्हणून फॉर्मवर चालू नंबर लिहा. पण तब्येत बिघडत असेल तर कागद कितीही स्वच्छ असो, थांबू नका.

जुने रिपोर्ट ठेवायचे का?

हो, निदान पाच वर्षांचे, तारखेप्रमाणे. क्रिएटिनिन १.२ आला, मर्यादेत आहे, कुठेही ठळक छापलेलं नाही. पण तीन वर्षांपूर्वी तो ०.८ होता हे फाइलमध्ये दिसलं, तर किडनीचं काम सुमारे एक तृतीयांशाने घटलं असण्याची शक्यता डॉक्टरांच्या लगेच लक्षात येईल.